पश्चिमेची भिंत आणि झनकलालजी

आमच्या घरी आलेला माणूस आधी आमच्याकडे पाहतो. आमचे शेजारी झनकलालजी आधी भिंतीकडे पाहतात. चपला दाराबाहेर काढायच्या, उंबरठा ओलांडायचा, आणि नमस्कार वगैरे बाजूला ठेवून सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी जाऊन तिच्यावर हात टेकायचा, हा त्यांचा शिरस्ता. आधी तळहात, मग उलटा हात, आई मुलाच्या कपाळावर ठेवते तसा. डोळे मिटलेले. आपण हातात पाण्याचा पेला घेऊन ताटकळत उभे. मग ते वळतात आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावे तशा दबक्या आवाजात सांगतात, "ताप आहे."

"फार आहे का हो?" माझी पत्नी विचारते. हा प्रश्न न हसता विचारायचा, असे आमच्यात ठरलेले आहे.

"आहे नं. पहाटेवरी उतरन थोडा. तुम्ही हिच्या अंगाले कपाट लावलं, हे बेस केलं. पांघरून पायजेच हिले."

एवढे झाले की त्यांना आम्ही दिसतो. "बसा नं, सर," असे ते मला, माझ्याच घरात, मोठ्या अगत्याने म्हणतात.

वस्तीतले लोक त्यांना भिंतीचे डॉक्टर म्हणतात. पाठीमागे म्हणतात असे नाही, तोंडावरही म्हणतात. गोंदियाकडे पाठीमागे बोलण्याची फारशी पद्धत नाही. कोणी हाक मारते, "काय डॉक्टरसाब, आज कितने मरीज देखे?" झनकलालजी थांबून खरेच सांगतात, "पटवारीच्या घरचा स्लॅब सिरियस है."

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या वस्तीत पोकळ सिमेंट ब्लॉकची जी जुनी घरे आहेत, ती बहुतेक झनकलालजींच्याच ब्लॉकची आहेत. आज जिथे लग्नाचे लॉन झाले आहे तिथे पूर्वी त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर एक दात खिळखिळे करणारी मशीन, दगडाच्या चुरीचा ढीग आणि पाण्याचा हौद. ते मूळचे नागऱ्याच्या बाजूचे, धानाच्या शेतीतले. धंद्यात पडले आणि जमले. त्या वेळी मातीच्या, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या घरातून निघून ब्लॉकच्या घरात, स्लॅबखाली राहायला जाणे ही माणसाची उन्नती समजली जाई. झनकलालजींनी कितीतरी कुटुंबांची अशी उन्नती केली. मग उन्हाळे वाढत गेले, झाडे कमी झाली, आणि ती सगळी उन्नती दुपारी तव्यासारखी तापू लागली. तेव्हापासून ते वस्तीत घरोघर फिरून, आपल्याच लेकरांची चौकशी करावी तशी, भिंतींची चौकशी करीत असतात.

त्यांच्या या फिरण्याला आम्ही विनोद समजत असू. मीही समजत असे. माणूस एखादी गोष्ट वारंवार करू लागला की आपण तिला सवय म्हणतो आणि मोकळे होतो. ती का करतो हे विचारण्याचे कष्ट वाचतात.

कारण सगळ्यांना ठाऊक होते, खरे तर. कारण देवकाबाई होत्या.

देवकाबाई म्हणजे झनकलालजींच्या पत्नी. मुलगी रायपूरला सासरी गेल्यावर घरात दोघेच. बाईंना ब्लडप्रेशर. एका जूनमध्ये, आभाळ भरून आलेले आणि वारा पडलेला अशा एका दुपारी, त्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. चिचगडहून त्यांचे भाऊ आले. त्यांनी घराच्या मधोमध उभे राहून वर स्लॅबकडे पाहिले, बाजूला भिंतींकडे पाहिले, आणि म्हणाले, "भाटवे, बहीन देल्ली होती जी तुमाले. शिजवायले नाही देल्ली."

आणि ते बहिणीला चिचगडला घेऊन गेले. तिथे जंगलालगत त्यांचे मातीचे घर आहे. हातभर जाडीच्या भिंती, वर कवेलू. बाई आधी उन्हाळ्यापुरत्या गेल्या. पुढच्या वर्षी उन्हाळा आणि पावसाळा, दोन्हींपुरत्या. त्यानंतर थंडीतही आल्या त्या पाहुण्यासारख्या. आपली पिशवी त्यांनी खुंटीलाच ठेवली, कपाटात रिकामी केली नाही. भांडण झाले नव्हते. रोज संध्याकाळी फोन होई. पण प्रत्येक फोनच्या शेवटी त्या एकच विचारत, "घर झोपन्याजोगतं झालं का?" आणि झनकलालजी प्रामाणिक असल्यामुळे म्हणत, "करून राहिलो."

एसी का लावत नाही, असे त्यांना सगळ्यांनी विचारून झाले होते. एसीच्या हवेने देवकाबाईंचे सांधे धरतात, हे एक. कूलरचे तर नावच नको. आमच्याकडे जूनपासून हवाच ओली असते, त्यात कूलर म्हणजे वाफेला आणखी पाणी. आणि झनकलालजींचे स्वतःचे तत्त्वज्ञान असे की, "मशीन की ठंडक किराये की है, सर. लाइन गेली का घर खाली करा."

माझ्याकडे ती किरायाची थंडक आहे. तिचे बाहेरचे यंत्र मी दोन्ही घरांमधल्या बोळीत, भिंतीला टांगले होते. एके दिवशी झनकलालजी आले, नित्याप्रमाणे भिंतीचा ताप पाहिला, बसले, आणि मला शांतपणे विचारले,

"सर, तुमची मशीन घरातली गरम हवा कुठं टाकते?"

"बाहेर," मी म्हणालो.

"बाहेर म्हंजे कुठं?"

"बाहेर म्हणजे... बाहेर."

"बाहेर म्हंजे मी," झनकलालजी म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. रस्ता सांगावा तसे त्यांनी सांगितले होते. मी ते यंत्र गच्चीवर हलवले. माणूस बोलवायला, नळी वाढवायला जेवढे दिवस लागायला हवे होते त्याहून जास्त लावले, हेही खरे. माझी झोप थंड होती आणि तिची ऊब कोणाच्या तरी वाट्याला जात होती. इतकी साधी गोष्ट मला कोणी बशीत चहा ओतता ओतता सांगावी लागली, याचे मला अजून वाईट वाटते.

तर, घर झोपण्याजोगते करण्याचे काम त्यांनी चालवले होते. आधी स्लॅबवर चुन्याचे जाड हात मारले. गच्ची अशी पांढरीफटक झाली की पलीकडच्या दुमजली घरातल्या बाई म्हणाल्या, "काकाजी, तुमच्या गच्चीकडं पाहिलं का मले गोगलच लागते." स्लॅब मात्र खरेच निवला. मग त्यांनी कुंभाराकडून मडकी आणून गच्चीभर पालथी मांडली. मडक्यातली कोंडलेली हवा उन्हाला अडवते, असा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण वानरांना विचारलेले नव्हते. आमच्याकडे वानरांचे कळप येतात. त्यांनी त्या मडक्यांवरून पळण्याचा खेळ काढला. झनकलालजी खाली अंगणात उभे राहून प्रत्येक 'खळ्ळ' आवाजाला मान हलवत. "सावकाश, बाप्पा, सावकाश," एवढेच म्हणत. जी मडकी वाचली त्यांच्या मधल्या फटी त्यांनी चुना आणि विटांच्या भुकटीने बुजवून वर गिलावा केला. आता वानरे त्यावर नुसती बसतात. "त्यायलेही थंड वाटते," असे ते अभिमानाने सांगतात.

राहिली त्यांच्या घराची पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतर सगळे ऊन तिच्यावर. तिच्या आतल्या पोकळ्या भरायच्या असे त्यांनी ठरवले. स्वतःच चढवलेली भिंत, कुठली पोकळी कुठवर जाते हे त्यांना पाठ. खोलीच्या आतून, छताच्या थोडे खाली, भोके पाडली आणि नरसाळ्याने भरण घालायला सुरुवात केली. भरण काय, तर बदरा. धान उफणताना खळ्यावर जो पोचट दाण्यांचा, तुसाचा कचरा उडून पडतो तो. नागऱ्याला पुतण्याच्या खळ्यावर त्याचा डोंगर पडलेला. घरचा माल, हलका, कोरडा. मिलच्या तुसापेक्षा घरच्या खळ्यावरचा बदरा बरा, हा धानवाल्या माणसाचा स्वाभिमान त्यात होता.

पण बदऱ्यात सगळेच दाणे पोचट नसतात.

पावसाळा आला. भिंतीला बाहेरून कुठे तरी ओल लागली. आणि एका सकाळी झनकलालजी आमच्या दारात उभे राहिले. त्या दिवशी ते भिंतीकडे गेले नाहीत. "सर, जरासे या," म्हणाले.

मी गेलो. पश्चिमेच्या भिंतीतल्या प्रत्येक भोकातून धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, बाहेर आले होते. पोपटी, कोवळे, खिडकीच्या उजेडाकडे वळलेले. खोलीत रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधीचे शेत उभे करून ठेवावे तशी ती भिंत दिसत होती. झनकलालजी तिच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. मला हसू आले आणि मी ते दाबले. मग पाहिले तर तेच गदगदून हसत होते.

"खत नाही टाकलं, सर, काही नाही टाकलं," ते म्हणाले. "शेतात तं असा उगवत नाही!"

बातमी तासाभरात वस्तीभर झाली. दुपारपर्यंत चार बाया हळदकुंकू आणि नारळ घेऊन हजर. एकीने भिंतीसमोर डोके टेकले. झनकलालजी दोन्ही हात पसरून भिंतीपुढे उभे. "देव नाही, बाई, बदरा आहे! बदरा!" बाई म्हणाली, "असू द्या नं काकाजी, नारळ फोडाले काय जाते?" शेवटी नारळ फोडला. खोबरे मीही खाल्ले.

संध्याकाळी चिचगडचा फोन आला. बातमी तिथेही पोचली होती. झनकलालजींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. त्यांना एका कानाने कमी येते. देवकाबाईंनी ख्यालीखुशाली विचारली नाही. एवढेच म्हणाल्या, "मंग? रोवणीले येऊ का मी?"

"येतेस?" झनकलालजी म्हणाले.

त्यांनी हे थट्टेने म्हटले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "आधी पीक काढा भिंतीतलं."

तेवढ्यात मी उठून अंगणात आलो. त्या एका शब्दाला मी श्रोता असायला नको होतो.

सगळा बदरा त्यांनी उकरून काढला. त्या कामात त्यांचा हिवाळा गेला. त्या वेळी मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. आधी शेजारधर्म म्हणून, मग मला आवडू लागले म्हणून. एकदा ते भोकात तार घालून ओढत होते आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "या भिंतीचा एकेक ब्लॉक तिच्या हातचा आहे."

"म्हणजे?"

"ब्लॉक काढला का त्याले पानी लागते. सकाळ-संध्याकाळ. नाही मारलं तं तडकते. मी मशीनवर, आन् पानी मारे ती. पोट्टी कडेवर, हातात पाइप. लोकायच्या ब्लॉकले मारे तसं मारे, पन आपल्या घरचे ब्लॉक होते नं, त्यायले दुपारीही एकदा जास्तीचं मारे. मी म्हनो, कायले? ती म्हने, पिऊ द्या, आपले आहेत." तार थांबली. "तिनं एवढं पाजलं, सर. आन् तिलेच भाजून राहिलं हे घर."

मी तारेचे दुसरे टोक हातात घेतले.

या वेळी त्यांनी घरचा माल घेतला नाही. राइस मिलमधली जळालेल्या तुसाची राख आणली, जी भाजून निघालेली असल्याने उगवत नाही, कुजत नाही आणि मुंग्यांनाही आवडत नाही. ती चुन्यात कालवून, वाळवून, मग पोकळ्यांत भरली. बाहेरून ओल शिरत होती ती फट बुजवली. भिंतीपासून हातभर अंतर सोडून बांबूचा तट्टा उभा केला, त्यावर दोडक्याचा वेल चढवला. आणि छताजवळ, समोरासमोरच्या भिंतींत, जाळीचे झरोके पाडले. कारण मे महिन्याची आग अडवता येते, पण जूनची वाफ अडवून भागत नाही, तिला जायला वाट द्यावी लागते. "मी नुसतंच बंद करत गेलो होतो, सर," ते म्हणाले. "घर होय ते. डबा नाही."

यंदा देवकाबाईंना डोळे दाखवायला गोंदियाला यायचे होते. फोनवर ठरले ते असे: सकाळच्या बसने त्या येतील, डॉक्टरांकडे जातील, जेवतील आणि दुपारी पश्चिमेच्या खोलीत आडव्या होतील. झोप लागली तर राहतील. नाही लागली तर संध्याकाळच्या बसने परत. त्यात रागरुसवा नव्हता. "आता माह्या अंगात नाही राहिलं जी, सोसायचं," असे त्यांनी सांगितले होते.

नेमका तो दिवस फार वाईट निघाला. सकाळचे मळभ जाऊन दमट ऊन पडले होते, झाडाचे पान हलत नव्हते, आणि शर्ट घालताच पाठीला चिकटत होता. बाई आल्या, डॉक्टर झाले, जेवण झाले. माझ्या पत्नीने डबा दिला होता. मग मी पाहिले की झनकलालजी एक प्लास्टिकचे स्टूल घेऊन बाहेर आले, दार हलकेच ओढून घेतले आणि रस्त्याकडेच्या कुंपणाशी, धड सावलीही नाही अशा जागी बसले.

मी गेलो. "झोपल्या का?" कुजबुजत विचारले.

"पडली आहे. मालूम नाही."

"मग तुम्ही इथे उन्हात का? आत बसा."

त्यांनी मान हलवली. "एक मानूस म्हंजे एक शेगडी, सर. अंगातून गरमी निंघते. खोलीत दोन शेगड्या कायले?"

हे शास्त्र बरोबर होते की नाही मला माहीत नाही. मीही माझे स्टूल आणून शेजारी बसलो. आणि तेवढ्यात लाइन गेली. सगळ्या वस्तीतले पंखे एकदम थांबले. ती शांतता कानाला कळते. आत त्यांचाही पंखा थांबला असणार. झनकलालजींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटे आवळलेली होती.

रस्त्याच्या टोकाला कुल्फीवाला घंटी वाजवत वळला. झनकलालजी अर्धे उठले, पण त्यांचे गुडघे लवकर ऐकत नाहीत. मी उठलो. या वयात, त्या उन्हात, मी अनवाणी धावलो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण चप्पल घालायला मी थांबलो नव्हतो. कुल्फीवाल्याला हाताने खुणावले, घंटी बंद. तो घाबरून म्हणाला, "कोई गुजर गया क्या, साहब?"

"नाही," मी म्हणालो, "कोणी झोपले आहे."

त्याने घंटीची जीभ बोटात धरली आणि गाडी ढकलत आमच्या समोरून पुढे नेली.

आम्ही बसून राहिलो. लाइन आली नाही. पाठीवरून घामाच्या धारा उतरत होत्या. एकदा आतून काही हलल्यासारखे वाटले आणि झनकलालजींनी श्वास धरला; मग पुन्हा काहीच नाही. एकदा त्यांच्या चेहऱ्याचा रंग पाहून मी पाणी आणायला निघालो, तर त्यांनी माझे मनगट धरले. फाटक वाजते म्हणून. ऊन कलले, भिंतीपलीकडे गेले. कुठे तरी कोणाच्या अंगणात भांडी घासण्याचे आवाज सुरू झाले. लाइन गेलेली होती ती होतीच.

दार आतून उघडले. देवकाबाई दारात आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उमटलेली, डोळे अजून पुरते न उघडलेले. समोर दोन घामाने निथळणारे पुरुष शेजारी शेजारी स्टुलावर बसलेले पाहून त्या थबकल्या.

"काऊन जी? बाहेर काऊन बसून राहिले?"

झनकलालजींनी गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसले. पुसायला जरा वेळ लावला.

"काही नाही," ते म्हणाले. "हवा खाऊन राहिलो."

त्या मेल्या दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा दोडक्याच्या न हलणाऱ्या पानांकडे. मग पदर खांद्यावरून ओढून घट्ट लपेटून घेतला.

"आत या आता," त्या म्हणाल्या. "मले एकटीले थंडी वाजून राहिली इथं."

संध्याकाळच्या बसचे नाव दोघांपैकी कोणीही काढले नाही.